गोव्यात घराच्या आवारात कोर्ट बांधायचं आहे? खोदकामापासून रेषांपर्यंत सगळं

घराच्या मागे बॅडमिंटनचं किंवा पिकलबॉलचं कोर्ट करायचं ठरलं की बहुतेकांची पहिली चौकशी रंगाची असते. निळं की हिरवं, टाइल की ॲक्रिलिक. रंग सगळ्यात शेवटी येतो. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि कोर्टं बिघडतात ती याच चार महिन्यांत. खालून ओल चढते, कडेची माती धुपते, वर शेवाळ धरतं. म्हणून या लेखात पाणी आणि पाया यांवर जास्त मजकूर आहे आणि रंगावर कमी. बजेट आखतानाही हेच प्रमाण ठेवा.

कुठलं कोर्ट, केवढी जागा

बॅडमिंटनचं दुहेरी कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फूट, म्हणजे जवळजवळ तेवढंच. त्यामुळे एकाच स्लॅबवर दोन्ही खेळ बसतात. पण स्लॅब रेषांपुरता घालून चालत नाही. मागे जायला, बाजूला झेपावायला जागा लागते. आमचा सल्ला १८ बाय ९ मीटरचा आहे. यात मागे २.३० मीटर आणि बाजूला १.४५ मीटर मोकळं मिळतं. पुढची सगळी मापं याच आकाराची आहेत.

बास्केटबॉलचं अर्धं कोर्ट १५ बाय ११ मीटर लागतं, ते या स्लॅबवर बसत नाही. मुलांना बास्केट हवीच असेल तर आखूड बाजूला खांब उभा करा. रिंग ३.०५ मीटर उंचीवर येईल आणि बोर्डापासून ४.६० मीटरवरची फ्री थ्रोची रेषाही मावेल. तीन गुणांची कमान मात्र ९ मीटर रुंदीत येणार नाही.

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत ऊन येत राहील. खेळ मुख्यतः संध्याकाळचा असेल तर उत्तरेचं टोक थोडं वायव्येकडे वळवा. खेळाच्या मोसमात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सूर्य नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो.

आता झाडं. वड, पिंपळ, गुलमोहर, रेन ट्री यांची मुळं वरच्या थरात पसरतात आणि स्लॅब उचलतात. त्यांच्यापासून शक्य तितकं लांब जा. माडाची मुळं बारीक असतात, ती स्लॅबला फारसा त्रास देत नाहीत. माडाचा धोका वरून आहे. कोर्टावर झुकलेला माड असेल तर पाडेलीला बोलावून दर तीन महिन्यांनी नारळ आणि सुकी चुडतं उतरवून घ्यावी लागतील. ते जमणार नसेल तर कोर्टाची जागा बदला. झाड तोडायचं झालं तर वन खात्याची परवानगी लागते. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात ती सक्तीची आहे.

कागदपत्रं

एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा काढून जागा नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा. सामाईक मालमत्ता असेल तर सहमालकांची लेखी संमती घ्या. घर मुंडकारी (दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या संमतीने वसलेलं) असेल तर आवारात काय बांधता येतं ते आधी मामलेदार कार्यालयात विचारा. जमिनीची सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आहे का, जागा सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेल्या भागात, येते का, हे दोन प्रश्न पुढच्या सगळ्या परवानग्यांच्या आधीचे. कुंपण, दिव्यांचे खांब आणि स्लॅब यांचा साधा नकाशा जोडून पंचायतीत किंवा पालिकेत लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या.

दोन ठिकाणी विशेष जपा. डोंगर कापून किंवा सखल जागेत भराव टाकून सपाटी करायची असेल तर १९७४ च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार मुख्य नगर नियोजकाची लेखी परवानगी लागते. आपल्याच आवारातला उतार असला तरी हे लागू होतं. आणि समुद्राजवळ किंवा भरतीचं पाणी येणाऱ्या नदीजवळ घर असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, हद्द तपासा. दिवाडी, चोडण अशा बेटांवर तर हा प्रश्न सगळ्यात आधी.

जमीन पावसातच बघून ठेवा

पाऊस जोरात असताना छत्री घेऊन जागेवर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं ते कागदावर बाणांनी काढा. उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर ही माहिती कोणीच देऊ शकत नाही. मग सप्टेंबरच्या अखेरीस तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्या आणि दोन दिवस तसेच ठेवा.

खाली जांभा लागला तर उत्तम. पण उघडा खडक वरखाली असतो. त्यावर थेट काँक्रीट ओतलं तर स्लॅब कुठे जाड, कुठे पातळ होतो आणि जाडी बदलते तिथेच तडा जातो. खडीच्या थराने सपाटी करूनच पुढे जा. खड्ड्यात पाणी साचून राहिलं, किंवा काळी चिकण माती लागली, तर जागा शेताच्या किंवा खाजनाच्या पातळीची आहे. तिथे जास्त खोदून भक्कम भरणा करावा लागेल. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: घर बांधताना टाकलेला भराव. वरून तो घट्ट दिसतो, पण खाली विटांचे तुकडे, लाकूड, मोकळी माती असते. नव्या भरावावर त्याच वर्षी कोर्ट घालू नका. एक पावसाळा जाऊ द्या, बसायची ती माती बसू द्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर खोदकाम, नोव्हेंबरमध्ये काँक्रीट, डिसेंबरच्या अखेरीपासून रंग, हे वेळापत्रक गोव्याला मानवतं. काँक्रीट एप्रिलमध्ये घातलं तर रंगकामाला मे उजाडतो आणि वळवाच्या एका सरीत ओला थर वाहून जातो.

पाया

१८ बाय ९ च्या चारही बाजूंना ३० सेंटिमीटर वाढवून आखणी करा. काटकोन ३-४-५ च्या मापाने धरा, मग स्लॅबचे कर्ण मोजा. दोन्ही २०.१२ मीटर यायला हवेत. वरची सगळी काळी माती, मुळं, गवत काढून टाका. हा थर आळसाने ठेवला तर तो कुजतो, खाली पोकळी होते आणि दोन-तीन वर्षांत स्लॅब खचतो.

खालची जमीन बेबी रोलरने दाबा. त्यावर जांभ्याचा मुरूम, दाबून १५ सेंटिमीटर. एकाच वेळी सगळा टाकू नका. साडेसात सेंटिमीटरचे दोन थर करा, प्रत्येकावर हलकं पाणी मारून रोलर फिरवा. एवढ्या जागेला सुमारे ३५ घनमीटर सुटा मुरूम लागतो. मुरमावर १० सेंटिमीटर खडी, २० ते ४० मिलिमीटरची, सुमारे २० घनमीटर. खडीतल्या मोकळ्या फटींमुळे खालची ओल वर चढत नाही. गोव्यात या थरावर पैसे वाचवले की पुढे ॲक्रिलिकला फोड येतात. काम पटलं का हे बघायला भरलेला टिपर कडेने हळू चालवा. चाकाखाली जमीन दबून उठत असेल तर तो भाग उकरून परत भरा.

पाण्याची वाट

कोर्टाला उतार एकाच बाजूला द्या, रुंदीच्या दिशेने, शंभराला एक. म्हणजे एका लांब कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ९ सेंटिमीटरचा फरक. जाळीपासून दोन्हीकडे उतार कधीही देऊ नका. त्यात कोर्टाचे दोन अर्धे दोन वेगळ्या पातळ्यांत जातात आणि मागच्या रेषेवरून जाळी उंच लागते. सखल कडसुद्धा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान साडेसात सेंटिमीटर वर राहू द्या.

सखल कडेला लांबीभर गटार काढा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर या स्लॅबवरून सेकंदाला साडेचार लिटर पाणी येतं. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप हिशोबात पुरतो, पण आंब्याची पानं आणि माडाचा कचरा अडकला की तुंबतो. म्हणून १६० चा घ्या, वर काढता येणारी जाळी आणि वळणावर गाळ काढायला चेंबर. पाणी शेजाऱ्याच्या आवारात सोडू नका. आपल्या सोकपिटात किंवा रस्त्याकडेच्या गटारात न्या.

उंच कडेला, विशेषतः मागे डोंगर किंवा वरच्या पातळीचं आवार असेल तर, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल चर खणा. त्यात छिद्रांचा पाईप ठेवा, भोवती जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळलेली खडी भरा. वरून जमिनीतून झिरपत येणारं पाणी स्लॅबखाली शिरण्याआधी इथे अडतं. चिऱ्याची संरक्षक भिंत असेल तर तिला पाणी निघायला भोकं ठेवायला विसरू नका.

स्लॅब

साडेबारा सेंटिमीटर जाडी, एम-२० काँक्रीट. एकूण २०.२५ घनमीटर, मागवताना २१ धरा. जागेवर मिक्सर लावणार असाल तर सिमेंटच्या १६० ते १६५ गोण्या लागतील. रेडिमिक्स बरं पडतं, कारण माल एकसारखा येतो. पण वाड्यातल्या अरुंद रस्त्याने गाडी आत येते का, गेटवरून वायर लोंबतात का, हे आधी मोजून घ्या. गाडी येत नसेल तर पंपाची सोय लागेल. पाण्याबद्दल एक ताकीद: खाडीकाठच्या विहिरीचं पाणी चवीला ठीक लागलं तरी तपासून घ्या. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. खारट पाण्याने सळई आतून गंजते आणि काँक्रीट फुगून सुटतं.

खडीवर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडावर ३० सेंटिमीटर चढवून, टेपने चिकटवून. त्यावर ८ मिलिमीटर सळईची जाळी, दोन्ही दिशांना २० सेंटिमीटर अंतराने, सुमारे ७०० किलो. जाळी स्लॅबच्या वरच्या भागात हवी, वर ४ सेंटिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, ठेवून. त्यासाठी ७ सेंटिमीटर उंचीच्या चेअर, म्हणजे जाळी उचलून धरणारे सळईचे आधार, मीटरभर अंतराने ठेवा. कामगार जाळी खाली पडू देतात आणि ओतताना हुकाने वर ओढतो असं सांगतात. ओढलेली जाळी कधीच सारखी राहत नाही. ओतण्याआधी स्वतः चालून बघा. पायाखाली जाळी दबली तर चेअर कमी आहेत.

नऊ मीटर रुंदी एका दमात सपाट ओढता येत नाही. लांबीच्या दिशेने साडेचार मीटरच्या दोन पट्ट्या करा आणि दोन वेगळ्या दिवशी ओता. शटरिंगची पातळी अशी: उंच कड शून्य, मधली रेषा साडेचार सेंटिमीटर खाली, सखल कड नऊ सेंटिमीटर खाली. दोन पट्ट्यांना बांधायला मधल्या जोडात १२ मिलिमीटरच्या ६० सेंटिमीटर लांब सळया ६० सेंटिमीटर अंतराने ठेवा, साधारण तीस. हा जोड बरोबर कोर्टाच्या मध्यरेषेखाली येतो.

आडवे काप साडेचार मीटरवर तीन. त्यातला मधला खेळाच्या जाळीच्या (नेटच्या) खाली येतो. ओतल्यावर साधारण ८ ते १२ तासांत कटरने तीन-साडेतीन सेंटिमीटर खोल कापा. दुसऱ्या दिवशी दुपारी कापायला आलात तर काँक्रीटने स्वतःच्या मनाने तडा घेतलेला असतो. कापाच्या रेषेवर जाळीची एक सोडून एक सळई तोडून ठेवलेली असावी.

कारागिराने स्लॅब आरशासारखा गुळगुळीत केला तर ॲक्रिलिक धरत नाही. शेवटचा हात मऊ ब्रशचा, हलका खरखरीत. वरून कोरडं सिमेंट भुरभुरायला देऊ नका, तो पातळ थर पुढे रंगासकट पापुद्र्यासारखा सुटतो. क्युरिंग कंपाउंडही (ओल टिकवायला फवारायचं रसायन) नको, त्याच्यावर रंग चिकटत नाही. उतार असल्याने पाण्याचे वाफे करूनही पाणी सखल बाजूलाच जमतं, आणि वाफ्यांच्या सिमेंटचे वण घासून काढावे लागतात. गोणपाट अंथरा, वर प्लास्टिक, आणि १४ दिवस गोणपाट ओलं ठेवा.

खेळाच्या जाळीच्या खांबांच्या नळ्या स्लॅब ओतायच्या आधी बसवा. बॅडमिंटनचे खांब दुहेरीच्या बाजूच्या रेषेवरच येतात. ४५ बाय ४५ आणि ६० सेंटिमीटर खोल पाया घ्या, त्याच्या आणि स्लॅबच्या मध्ये १२ मिलिमीटरचा फोम. नळीचं तोंड खालून खडीत उघडं ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून नळी गंजते. नळी आणि खांब दोन्ही हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, हवेत. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत नुसतं रंगवलेलं लोखंड एक-दोन पावसाळ्यांत गंज धरतं. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. पिकलबॉलचे खांब रेषेच्या बाहेर, एकमेकांपासून २२ फुटांवर लागतात. त्यासाठी आणखी नळ्या गाडण्यापेक्षा चाकांची सुटी जाळी सोयीची.

वरचा थर: ॲक्रिलिक की टाइल

ॲक्रिलिकसाठी २८ दिवस थांबा. मग संपूर्ण स्लॅबवर पाणी सोडा आणि तासाभराने फिरून बघा. जिथे रुपयाचं नाणं पाण्याखाली बुडतं तिथे खडूने गोल करा, ते खळगे ॲक्रिलिकच्या पॅच मिश्रणाने भरून घ्या. स्लॅब वाळल्यावर दुसरी तपासणी ओलीची. ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा आणि १६ तास ठेवा. आतून दव दिसलं किंवा खालचं काँक्रीट काळपट पडलं तर अजून थांबा. ही चाचणी दोन-तीन ठिकाणी, सखल कडेला नक्की करा.

त्यानंतर फॉस्फोरिक ॲसिडने धुणं, भरपूर पाणी, पूर्ण वाळणं, प्रायमर, वाळू मिसळलेल्या रिसरफेसरचे दोन हात, मग रंगाचे दोन हात. प्रत्येक हात रबरी पट्टीच्या वायपरने, आधीच्या हाताच्या आडव्या दिशेने. पहाटेचं दव वाळल्यावर सुरू करा आणि दुपारी लवकर थांबा. उशिरा मारलेला हात रात्रीच्या दवात पांढरट पडतो.

टाइल म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनच्या जाळीदार फरश्या, बहुतेक ३० सेंटिमीटरच्या आसपास. एक फुटी टाइल धरली तर या स्लॅबला साधारण १,७५० लागतात. पाच टक्के जास्त घ्या आणि उरलेल्या जपून ठेवा, पुढे तोच रंग मिळत नाही. खाली ओल असलेल्या किंवा झाडांखालच्या जागेला आम्ही टाइलच सुचवतो. ओल अडकत नाही, तुटलेली टाइल एकटी बदलता येते. आवाज मात्र जास्त होतो. आणि एक चूक वारंवार दिसते: टाइल भिंतीपर्यंत घट्ट बसवणं. १८ मीटर लांबीत उन्हाने टाइल तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फुगू शकते. चारही बाजूंना अडीच सेंटिमीटर मोकळं ठेवा आणि कुठेही खिळा मारू नका, नाहीतर दुपारी मध्येच फुगवटा येतो.

रेषा

बॅडमिंटनच्या रेषा ४ सेंटिमीटर रुंद, पिकलबॉलच्या ५. दोन्ही एकत्र आखताना खरी अडचण जाळीजवळ येते. बॅडमिंटनची सर्व्हिसची पुढची रेषा जाळीपासून १.९८ मीटरवर सुरू होते, पिकलबॉलची किचनची (जाळीलगतच्या, व्हॉली न मारायच्या पट्ट्याची) रेषा २.१३ मीटरवर संपते. दोन रेषांच्या मध्ये जेमतेम सहा सेंटिमीटर उरतात. दोन्ही पांढऱ्या केल्या तर सर्व्हिस करताना कायम वाद होतील. जो खेळ जास्त होणार त्याच्या रेषा पांढऱ्या करा, दुसऱ्याच्या पृष्ठभागाच्या जवळ जाणाऱ्या फिक्या रंगात. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पारदर्शक सीलरचा हात फिरवा, मग रंग. खरखरीत पृष्ठभागावर टेपखालून रंग पसरतो तो यामुळे थांबतो.

जाळीची उंची बॅडमिंटनला खांबाजवळ १.५५ मीटर, मध्ये १.५२४. पिकलबॉलला बाजूला ३६ इंच, मध्ये ३४.

दिवे आणि कुंपण

चार खांब, सहा मीटर उंच, दोन-दोन लांब बाजूंना, जाळीपासून साधारण चार मीटर पुढे-मागे. मागच्या रेषेच्या पाठी दिवा लावला तर वर बघताना समोरच्याला काही दिसत नाही. प्रत्येकी २०० वॅटचा एलईडी फ्लडलाइट, आयपी ६५ किंवा ६६ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), घरच्या खेळाला पुरतो. केबल आर्मर्ड, ७५ सेंटिमीटर खोल पाईपमधून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि सर्ज प्रोटेक्शन लावाच, मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांमध्ये दिव्यांचे ड्रायव्हर उडतात. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. इलेक्ट्रिशियनला मीटरने मोजून दाखवायला सांगा, गरज पडली तर केमिकल अर्थिंग करा.

दिव्याचा रोख शेजाऱ्याच्या खिडकीकडे जात नाही ना हे रात्री त्याच्या अंगणात उभं राहून बघा. पिकलबॉलचा टकटक आवाज शांत वाड्यात दूरवर जातो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, पण शेजाऱ्यांशी आधीच बोलून वेळ ठरवणं जास्त उपयोगाचं.

कुंपण मागच्या बाजूंना तीन मीटर, बाजूंना सव्वा मीटर पुरतं. वाऱ्यासाठी हिरवी शेडनेट लावली तर मेअखेर ती उतरवा. जूनच्या वाऱ्यात भरलेली शेडनेट खांब वाकवते.

पावसाळा आणि नंतर

मेअखेरीस बॅडमिंटनची जाळी काढा, नळ्यांना झाकणं लावा, गटार आणि चेंबर साफ करा. पावसात दर पंधरा दिवसांनी पानं झाडा. कुजलेल्या पानांखाली शेवाळ आधी धरतं आणि ॲक्रिलिकवर डाग कायमचा राहतो. शेवाळ आलंच तर पातळ केलेलं ब्लीच टाकून दहा मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश किंवा जवळून मारलेला प्रेशर वॉशर रंग उखडतो. टाइल असेल तर ऑक्टोबरमध्ये सखल कडेच्या दोन ओळी उचलून खालची माती धुऊन काढा, तिथे पाणी थांबलं की डास होतात.

पहिल्या पावसाळ्यानंतर स्लॅबची कड चारही बाजूंनी बघा. कडेखाली पोकळी दिसली तर पाणी खालून वाहतंय. आधी पाण्याची वाट सुधारा, मग पोकळी भरा. कापांच्या रेषेवर रंगात केसासारखी चीर येईल, ती अपेक्षित आहे. कापात पॉलियुरेथेन सीलंट भरून वरून रंगाचा हात द्या. कापाबाहेर तिरका तडा आला, किंवा तड्याची एक बाजू दुसरीपेक्षा वर दिसली, तर ते पायाचं काम आहे आणि ते ठेकेदाराकडूनच करून घ्यायला हवं. म्हणून कराराच्या वेळीच दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायची अट घाला आणि त्यात साचलेलं पाणी, सुटलेला रंग आणि खचलेली कड या तीनही गोष्टी नावानिशी लिहा.